किल्ला जवळ येतो, नदी लांब जाते

विकायच्या घराचे फोटो काढायचं काम घरातल्या तरुण पोरांच्याच गळ्यात पडतं. फोटो देखणा हवा, पण तो बघून कुणीतरी आयुष्यभराचं कर्ज काढणार आहे. सातारा-सांगलीत हा फरक जास्तच महाग पडू शकतो.

'तुझ्या मोबाइलचा कॅमेरा चांगला आहे ना, मग टाक की चार फोटो काढून!' घर विकायचं ठरलं की हे वाक्य घरातल्या सगळ्यात लहान मेंबरला ऐकावं लागतं. बाबा कागदपत्रांच्या फाइली काढतात, आई माळा आवरायला घेते, काका एजंटशी भावाचं बोलतात आणि फोटोंचं खातं कॉलेजात जाणाऱ्या पोराकडे किंवा पोरीकडे येतं. काम पाच मिनिटांचं वाटतं. पण सध्याच्या बाजारात व्यवहाराची पहिली पायरी हीच झाली आहे.

थोडं मागे जाऊन बघा. पेपरातल्या छोट्या जाहिरातींत घर शब्दांनी विकलं जायचं. 'पूर्वाभिमुख, कॉर्नर, पाणी-लाइट सोय, त्वरित ताबा' एवढ्यावर लोक फोन करायचे आणि रविवारी घर बघायला यायचे. आता आधी फोटो जातो. एजंटांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, फेसबुक मार्केटप्लेस, मालमत्तांच्या वेबसाइट्स, इन्स्टाचे रील्स असा त्याचा प्रवास. बघणारा बऱ्याचदा गावात नसतोच. तो पुण्यात हडपसरला किंवा हिंजवडीला नोकरी करतो, मुंबईत असतो, नाहीतर थेट दुबईत. गावाकडे आई-वडिलांसाठी किंवा 'रिटायर झाल्यावर आपल्यासाठी' त्याला घर हवं असतं. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर, सांगली त्याच्या दुपटीहून लांब. रजा टाकून, गाडी काढून यायचं की नाही, हे तो फोटो बघूनच ठरवतो.

म्हणजे फोटोवर दोन ओझी आहेत. बघणाऱ्याला थांबवायचं आणि त्याला फसवायचंही नाही. पहिल्या कामाचे धडे यूट्यूबवर ढिगाने मिळतात. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज थोडं त्याबद्दल.

कॅमेरा काय करू शकतो, हे वाईला विचारा

कॅमेरा जागेचं काय करू शकतो, हे सातारा जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट आहे. २००४ च्या 'स्वदेस'मध्ये हाच परिसर उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाला. त्याआधी २००३ च्या 'गंगाजल'साठी वाईचा परिसर बिहार झाला. २०१० च्या 'दबंग'मध्ये पुन्हा उत्तर प्रदेश. घाट तोच, नदी तीच, झाडं तीच. कॅमेरा कुठे ठेवला, चौकटीत काय घेतलं आणि काय बाहेर ठेवलं, एवढ्यावर राज्य बदललं.

सिनेमाच्या तिकिटात हे सगळं माफ असतं, कारण आपण मुद्दाम फसायलाच गेलेले असतो. घराच्या फोटोत तसा करार नसतो. तिथे चौकटीबाहेर ठेवलेली गोष्ट घर घेणाऱ्याच्या दारातच उभी राहणार असते.

साताऱ्यात किल्ला जवळ येतो

सातारा शहराच्या दक्षिणेला अजिंक्यतारा उभा आहे. गॅलरीतून किल्ला दिसत असेल तर जाहिरातीत ते पहिल्या ओळीत येतं. यात गैर काहीच नाही. पावसाळ्यात ढग खाली उतरले की ती गॅलरी खरंच भारी दिसते.

गंमत पुढे आहे. इमारतीपासून बरंच लांब जाऊन तीन पट किंवा पाच पट झूम करून फोटो काढला, तर मागचा डोंगर इमारतीच्या तुलनेत मोठा दिसतो. लांबून काढलेल्या झूम फोटोत पुढच्या आणि मागच्या वस्तूंमधलं अंतर डोळ्यांना कमी वाटतं. लग्नातल्या फोटोग्राफरला हे पाठ असतं, आपल्यालाही क्रिकेटच्या मॅचमध्ये रोज दिसतं. मागून घेतलेल्या शॉटमध्ये बॉलर आणि बॅट्समन जवळजवळ उभे वाटतात, मधली २२ यार्डांची खेळपट्टी गायब होते. तीच करामत घराला लावली की दोन किलोमीटरवरचा किल्ला थेट गच्चीला टेकतो.

घराच्या आत उलटा खेळ चालतो. बऱ्याच फोनमधली ०.५ ची लेन्स जवळपास १२० अंशांचं दृश्य पकडते. नेहमीची १ ची लेन्स त्याहून बरंच कमी, ८० अंशांच्या आसपास. दहा बाय दहाची बेडरूम ०.५ ने काढली की हॉलसारखी दिसायला लागते. चोरी मात्र कडेला पकडली जाते. फोटोच्या टोकाला असलेला फ्रिज आडवा पसरतो, दाराची चौकट तिरकी होते, पंख्याचं एक पातं लांबलचक होतं.

फोटो बघणाऱ्यांसाठी एक देशी युक्ती आहे. फरशा मोजा. नव्या घरांत बहुतेक दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाच टाइल्स म्हणजे दहा फूट. लेन्स खोली ताणू शकते, पण टाइल्सची संख्या वाढवू शकत नाही. टाइल कोणत्या मापाची आहे, हे मात्र आधी विचारून घ्या, कारण हल्ली चार बाय दोनच्याही लावतात. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर हा हिशेब चालत नाही. तिथे पलंग, दार अशा ओळखीच्या वस्तूंवरून अंदाज घ्यायचा.

डोंगराबद्दल अजून एक. उतारावरच्या फार्महाउस प्लॉटच्या जाहिरातीत डोंगर हा फक्त 'व्ह्यू' असतो. पण जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. प्रत्येक डोंगर कोसळतो असं कुणी म्हणत नाही. पण उतारावरचं घर विकताना समोरचं दृश्य जसं दाखवतो, तशीच घरामागची कड, तिथली संरक्षक भिंत आणि पाणी वाहून जायची जागाही दाखवली पाहिजे. घेणाऱ्याला झोप समोरच्या दृश्यामुळे लागणार नाही, मागच्या भिंतीमुळे लागणार आहे.

सांगलीत नदी लांब जाते

सांगलीत फोटोची करामत लेन्सपेक्षा कॅलेंडरमध्ये असते. घराचे फोटो फेब्रुवारीत काढले की आभाळ निळं, अंगण कोरडं आणि रस्ता पांढराफटक. कृष्णा कुठेतरी लांब, घाटाखाली शांत. त्या फोटोत खोटं काहीच नसतं, फक्त वर्षातले चार महिने नसतात.

सांगलीकर घराची चौकशी करताना पहिला प्रश्न विचारतो, 'पाणी येतं का?' पुण्यातला माणूस याचा अर्थ नळाचं पाणी असा घेईल. सांगलीत तो पुराचा प्रश्न आहे. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हे इथलं मोजमाप. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ मध्येही धोका पातळी मागे पडली होती. २०१९ च्याच महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून गावकऱ्यांचे जीव गेले. या भागात पूर ही गप्पांमधली आठवण नाही, लोक घर घेताना त्याचा हिशेब करतात.

शिवाय इथे प्रत्येक गल्लीला स्वतःचा आकडा आहे. 'आयर्विनला अमुक फूट झालं की आमच्या कोपऱ्यावर, तमुक झालं की पायरीला' हे शाळकरी पोरंही सांगतात. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर ही नावं स्थलांतराच्या बातम्यांत सुरुवातीलाच येतात. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी नसताना नुसत्या पावसानेही रस्त्यावर पाणी साचतं. विश्रामबागेकडचा हिशेब वेगळा, सांगलीवाडीचा वेगळा. स्थानिक माणसाला पत्ता सांगितला की तो मनातल्या मनात फूट मोजतो आणि त्याप्रमाणे भाव बोलतो. त्याला कुठलाच फोटो फसवू शकत नाही.

फसतो तो बाहेरचा. ज्याच्याकडे हा आकडा नाही, ज्याने गल्ली फेब्रुवारीतच पाहिली आणि ज्याला ताज्या डिस्टेंपरच्या भिंती आवडल्या. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर राहते, रंग दिला की झाकली जाते. ओल आणि सळ्यांचा गंज मात्र आतमध्ये आपलं काम करत राहतात. काळ्या मातीवरच्या घरांना पडणाऱ्या भेगांचंही तसंच. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबी भरून रंग मारला की भेग पुढच्या मोसमापर्यंत रजेवर जाते.

म्हणून सांगलीतल्या घराच्या फोटोखाली एक ओळ हवीच. '२०१९ ला पाणी पहिल्या पायरीपर्यंत, २०२१ ला गल्लीच्या तोंडापर्यंत' किंवा 'तळमजल्यात चार फूट होतं, त्यानंतर मीटर आणि बोर्ड वर घेतले.' दहा-बारा शब्द, पण अख्ख्या अल्बमपेक्षा जास्त कामाचे. घर पूररेषेच्या आत आहे का, हे तर कागदावरच तपासता येतं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध असतात, दोन रेषांच्या मध्ये अटी. जलसंपदा विभाग या रेषा ठरवतो आणि महापालिकेच्या नगररचना विभागात त्यांची चौकशी करता येते. तो नकाशा कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही, हा भाग वेगळा.

कायदा काय म्हणतो?

'फोटोच तर आहे, त्यात काय कायदा?' असं वाटत असेल तर थांबा.

नव्या प्रकल्पांसाठी रेरा कायदा आहे, २०१६ चा. त्यात जाहिरातीची व्याख्या चांगलीच रुंद आहे, कोणत्याही माध्यमातली, कोणत्याही स्वरूपातली प्रसिद्धी त्यात येते. म्हणजे व्हॉट्सअॅपवर फिरणारं चकचकीत पोस्टरसुद्धा. कलम १२ सांगतं की जाहिरात किंवा नमुना सदनिका बघून कुणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर प्रवर्तकाने म्हणजे बिल्डरने भरपाई द्यायची. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फोटो कितीही देखणा असू द्या, आधी तो कोड स्कॅन करा. मंजूर आराखडा, चटई क्षेत्र, काम पूर्ण करण्याची तारीख, सगळं तिथे सापडतं.

पण सातारा-सांगलीसारख्या शहरांत खरी गोम वेगळीच आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या योजनेला रेराची नोंदणी लागत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे साधारण ५ गुंठे. आपल्याकडे चार रो-हाउस, सहा फ्लॅटची अपार्टमेंट असा कारभार भरपूर, तो या चाळणीतून खाली पडतो. आणि आपल्या बाबांनी आपलं जुनं घर विकणं हा तर रेराचा विषयच नाही.

मग तिथे मोकळं रान? नाही. तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उभा आहे. त्याचं कलम ५५ म्हणतं की मालमत्तेत किंवा मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि त्याने नेहमीची काळजी घेऊन पाहिलं तरी दिसणार नाही, तर तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. लपवला तर कायदा त्याला कपट म्हणतो. कॅमेऱ्याचा फोन यायच्या शंभराहून जास्त वर्षं आधीचा हा नियम. रंगाखालच्या ओलीलाही तो लागू पडू शकतो.

आता एआयचा सोफा

गेल्या दोन-तीन वर्षांत या खेळात नवा गडी आला आहे. रिकाम्या खोलीचा फोटो अॅपमध्ये टाकला की तिथे सोफा, झुंबर, गालिचा, कुंड्या सगळं हजर होतं. करडं आभाळ निळं होतं, मातीच्या अंगणात हिरवळ उगवते. समोरचा विजेचा खांब एका बोटाने पुसता येतो. आधी यासाठी फोटोशॉप येणारा मित्र लागायचा, आता फोनच पुरतो.

जगात यावर विचार सुरू झाला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२६ पासून नियम आला. घर विकणाऱ्या एजंटने फोटोत असा फेरफार केला असेल तर तसं स्पष्ट लिहायचं आणि मूळ फोटो बघायची सोयही द्यायची. उजेड कमी-जास्त करणं, फोटो सरळ करणं, कापणं, रंग नीट करणं याला मात्र सूट आहे. म्हणजे फोटो सुधारा, घर बदलू नका.

आपल्याला समजायला याहून सोपी कसोटी घरातच आहे, दारामागे उभी. झाडू! झाडून, पुसून, आवरून जी गोष्ट जाते ती फोटोआधी खुशाल काढा. धूळ, पसारा, दोरीवरचे कपडे, बाथरूममधल्या बादल्या हे सगळं तुमच्याबरोबर जाणार आहे. जी गोष्ट झाडूने जात नाही ती घेणाऱ्याला घराबरोबर मिळणार आहे. ओल, भेग, खांब, शेजारची भिंत, समोरचा नाला. ती फोटोतून पुसायचा हक्क आपल्याला नाही. रिकाम्या खोलीत एआयचा सोफा ठेवायचाच असेल तर 'कल्पनाचित्र' असं लिहा आणि शेजारी मूळ रिकाम्या खोलीचा फोटो द्या. वाद मिटला.

मग फोटो काढायचे कसे?

खरा फोटो म्हणजे वाईट फोटो, असा गैरसमज नको. बहुतेक घरं फोटोत आहेत त्याहून वाईट दिसतात, कारण काढणारा घाईत असतो. अर्धा दिवस द्या आणि एवढं करा.

*उजेड आधी बघा.* पूर्वेकडची दर्शनी बाजू सकाळी, पश्चिमेकडची संध्याकाळी काढा. भर दुपारी सांगलीचं ऊन बाहेर आग आणि आत अंधार दाखवतं, खिडक्या नुसत्या पांढऱ्या डागासारख्या येतात. पडदे बाजूला करा. एकाच खोलीत पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावू नका, भिंतीचा रंग कावीळ झाल्यासारखा येतो.

*फोन आडवा आणि छातीच्या उंचीवर.* साधारण चार फुटांवर, अगदी सरळ. डोक्यावरून खाली वाकवून काढला की भिंती पडायला लागतात. कोपऱ्यात किंवा दारात उभं राहा, १ ची लेन्स वापरा. संडास-बाथरूमसारख्या अडचणीच्या जागी ०.५ वापरायला हरकत नाही, पण खाली माप लिहा. लेन्स आधी पुसा. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

*माणूस चालतो त्या क्रमाने.* रस्ता, फाटक, पार्किंग, हॉल, स्वयंपाकघर, खोल्या, संडास-बाथरूम, गॅलरी, गच्ची, पाण्याची टाकी. बारा-पंधरा फोटो पुरेत. रस्त्याचा फोटो कुणी टाकत नाही आणि घेणाऱ्याला तोच हवा असतो. चारचाकी वळते का, गटार बंद आहे का, समोर काय आहे, हे त्याला एका नजरेत कळतं.

*जुन्या घराला जुनं राहू द्या.* साताऱ्यातल्या पेठांत, सांगलीच्या गावभागात अजून ओसरी, माजघर, चौकाची घरं आहेत. त्यांना हॉल-किचन दाखवायच्या नादात माजघरात प्लास्टिकची फुलं ठेवू नका. सागवानी खांब, दगडी जोतं, आडाचं तोंड, तुळशीवृंदावन जवळून दाखवा. सोबत छताचा फोटोही द्या, कौलं कुठे बदलली, वासा कुठे वाकला आहे तेही. असं घर घेणारा माणूस दुरुस्तीची तयारी ठेवूनच येतो. त्याला फक्त अंदाज हवा असतो.

*एक फोटो दोषाचा.* ओल असेल तर तिचा, भेग असेल तर तिचा. हॉलच्या फोटोनंतर लगेच नको, शेवटी टाका, पण टाका. आणि जमलं तर एक फोटो पावसाळ्यातला. जुलैमधला अंगणाचा जुना फोटो घरातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये असतोच.

*फोटोत न दिसणारं लिहून द्या.* नळाला पाणी किती वेळ येतं, बोअर आहे का, लोडशेडिंगची सवय, बसस्टॉप किती लांब. साताऱ्याच्या एका भागाला कासच्या तलावाचं पाणी, दुसऱ्याला दुसरीकडचं. फोटोतल्या चकचकीत नळातून हे कळत नाही.

*स्वतःला सांभाळा.* भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, पोरांची सर्टिफिकेटं, लाइटबिल, किल्ल्यांचा स्टँड, गाडीचा नंबर, तिजोरीचं कपाट चौकटीतून काढा. फोटोबरोबर लोकेशन जात असेल तर ते बंद करा, पत्ता खऱ्या गिऱ्हाइकालाच द्या. खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. घरात एकटे वयस्कर आई-वडील राहत असतील तर हे अजून महत्त्वाचं. आपण घर दाखवतोय, घरफोडीचा नकाशा देत नाही.

*ड्रोन उडवायचा असेल तर* परिसर कोणत्या झोनमध्ये येतो ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. आणि शेजारच्यांच्या गच्चीवर वाळवण घातलेलं असतं, त्यांना आधी सांगा.

'खरं सांगितलं तर घर जाईल का?'

हा प्रश्न खोटा नाही आणि तो हसण्यावारी नेऊन चालणार नाही. पूरपट्ट्यातल्या कुटुंबाकडे बऱ्याचदा तेवढं एकच घर असतं. दोन-तीन महापुरांत फर्निचर, धान्य, पोरांची पुस्तकं गेलेली असतात. आता ते विकून वरच्या भागात जायचं असतं. अशा माणसाला 'पाण्याची रेघ दाखव' म्हणणं म्हणजे त्याच्या खिशातले लाखभर रुपये काढून घेणं, असं वाटू शकतं. त्याने नदीकाठी बांधकामाला परवानगी दिली नव्हती, धरणाचे दरवाजेही त्याने उघडले नव्हते. भाव मात्र त्याच्याच घराचा पडतो. हा अन्याय आहेच.

पण तो अन्याय फोटोने मिटत नाही, फक्त पुढच्या माणसाकडे जातो. आणि पुढचा माणूस बहुतेक आपल्यासारखाच, वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतलेला. व्यवहाराच्या बाजूनेही बघा. लपवलेली गोष्ट टिकते किती? घर बघायला आलेला माणूस कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पितो आणि टपरीवाला पहिल्या घोटाला २०१९ सांगतो. मग घेणारा पुराला घाबरून नाही, आपल्यावरचा विश्वास उडाल्यामुळे परत जातो. 'हे लपवलं, अजून काय लपवलं असेल?' हा प्रश्न एकदा आला की पुढे भावाचं बोलणंच होत नाही. उलट आधीच सांगितलं तर जो येतो तो हिशेब करून येतो. पंधरा जणांना घर दाखवून चहा पाजण्यापेक्षा तीन खरी गिऱ्हाइकं परवडतात.

शिवाय दोषाबरोबर उपायही दाखवता येतो. पुरानंतर जोतं उंच केलं असेल, मीटर वर घेतला असेल, वरचा मजला राहण्याजोगा केला असेल, तर त्याचे फोटो हे घराचे सगळ्यात देखणे फोटो आहेत. या घरातल्या माणसांनी घर सांभाळलंय, हे त्यातून दिसतं. दहा एआय सोफ्यांना ते जमणार नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण आता हौस म्हणून किंवा पॉकेटमनीसाठी एजंटांना फोटो आणि रील्स करून देतात. पैसे एजंट देतो, त्यामुळे 'खांब काढून टाक रे' असा फोन येणारच. तेव्हा काय उत्तर द्यायचं, ते आजच ठरवून ठेवा. खांब तसाच ठेवून सकाळच्या कोवळ्या उन्हात दुसऱ्या कोनातून चांगला फोटो काढता येतो, आणि तिथेच आपली कला दिसते. रस्त्याच्या फोटोत तो खांब मात्र राहू द्या. गिऱ्हाईक येईल तेव्हा तो तिथेच असणार आहे.